लोखंड, विस्तव आणि विटाळ

देवाशी एकरूप होऊन माणसाने आमूलाग्र बदलणे, याला पौर्वात्य ख्रिस्ती परंपरेत ‘थिओसिस’ म्हणतात. हे समजावताना तिथले आचार्य विस्तवात घातलेल्या लोखंडाचा दाखला देतात. लोखंड लाल होते, चटका देते. पण राहते लोखंडच. तसा माणूस देवाच्या जीवनात सहभागी होतो, देवात विरून जात नाही. त्याचे माणूसपण पुसले जात नाही, उजळते.

पण तो बदलला हे ओळखायचे कशावरून? नुसते डोळे मिटून बसण्यावरून नव्हे, असे मला वाटते. कैसरियाचा (आजचे तुर्कस्तानातील कायसेरी) बॅसिल इ. स. ३७० मध्ये बिशप झाला. उच्चकुलीन, सुखवस्तू घरातला हा माणूस. त्याने नगराबाहेर निराधारांसाठी आणि रोग्यांसाठी मोठी वसाहत उभारली. लोकांनी हाकलून दिलेल्या कुष्ठरोग्यांना तो भाऊ मानून जवळ करी, त्यांचे चुंबन घेई, असे त्याचा मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी सांगतो.

माझ्या लेखी कसोटी हीच. माणसाला शिवताना ज्याचा हात आखडतो, त्याने एकरूपतेच्या कितीही गोष्टी सांगाव्यात. त्याचे लोखंड अजून थंडच आहे.