मुलांकडे अमेरिकेला जाताना: उपचारांबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

लेकीचं बाळंतपण असो की नातवंडांची ओढ, अमेरिकेला गेलेले मराठी आई-बाबा तिथे महिनोन्‌महिने राहतात. पर्यटक व्हिसावर साधारण सहा महिने राहता येतं. साठी ओलांडलेल्या माणसाला एवढ्या काळात दुखणं येऊ शकतं. अशा वेळी ऐकीव माहितीवर विसंबून राहणं महागात पडतं, कधी जिवावरही बेततं.

गैरसमज : विमा नसेल तर दवाखान्यात दारातूनच परत पाठवतात.
वस्तुस्थिती : मेडिकेअर या सरकारी योजनेत सहभागी असलेली रुग्णालयं 1986 च्या केंद्रीय कायद्याने बांधलेली आहेत, आणि तिथली बहुतेक रुग्णालयं या योजनेत आहेत. इमर्जन्सी विभागात आलेल्या प्रत्येकाला त्यांना तपासावंच लागतं. प्रकृती गंभीर असेल तर ती स्थिर होईपर्यंत उपचार द्यावे लागतात. त्यासाठी विमा, व्हिसा किंवा ऐपत पाहिली जात नाही. मात्र हे उपचार मोफत नसतात. बिल नंतर येतं. ते आलं की तपशीलवार प्रत मागावी. ना-नफा रुग्णालयांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावं लागतं, त्याचीही चौकशी करावी.

गैरसमज : इथली मेडिक्लेम तिथेही चालेल.
वस्तुस्थिती : बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी भारतापुरत्याच असतात. प्रवासासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो, आणि तो घेताना निव्वळ हप्ता बघू नये. स्वस्त योजनांमध्ये प्रत्येक उपचारासाठी ठरावीक रक्कम मिळते, उरलेलं बिल आपल्यालाच भरावं लागतं. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार असे आधीपासूनचे आजार सहसा वगळलेले असतात. काही योजना असा आजार अचानक बळावला तरच पैसे देतात. त्यातही अनेकदा 24 तासांच्या आत उपचार घेण्याची अट असते आणि वयाची मर्यादाही असते. आजार लपवून पॉलिसी घेतली, तर दावा नाकारला जाऊ शकतो.

गैरसमज : औषध संपलं तर तिथल्या मेडिकलमधून आणू.
वस्तुस्थिती : रक्तदाबाच्या गोळ्या, अँटिबायोटिक्स तिथे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत आणि भारतातल्या डॉक्टरांची चिठ्ठी सहसा चालत नाही. वैयक्तिक वापरासाठी साधारण 90 दिवसांचा साठा नेता येतो. औषधं मूळ वेष्टनात न्यावीत. सोबत इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी असावी आणि तिच्यात औषधांची जेनेरिक नावं असावीत. इन्सुलिन हँडबॅगेतच ठेवावं, कारण विमानाच्या सामानकक्षात ते गोठण्याची भीती असते.

गैरसमज : इंग्रजी येत नाही, म्हणून मुलांना रजा मिळेपर्यंत थांबावं.
वस्तुस्थिती : केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या रुग्णालयांना दुभाषाची सोय मोफत करून द्यावी लागते. बहुतेकदा तो फोनवर किंवा व्हिडिओवर असतो. ‘मराठी’ एवढं सांगितलं तरी पुरे. ताप, मुरगळ, लघवीची जळजळ अशा त्रासासाठी इमर्जन्सीत जायची गरज नसते. ‘अर्जंट केअर’ केंद्रात वेळ न ठरवता जाता येतं आणि खर्चही बराच कमी येतो.

गैरसमज : थोडं सोसलं तर मुलांचा खर्च वाचेल.
वस्तुस्थिती : सगळ्यांत घातक गैरसमज हाच. छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं किंवा बोलताना अडखळणं यांपैकी काहीही झालं तर लगेच 911 ला फोन करावा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. रात्रभर सोसलं तर ती संधी जाते. शरीराचं नुकसान वाढतं, मुक्काम लांबतो आणि बिलही फुगतं. वर 24 तासांची अट मोडली तर विम्याचे पैसेही हातचे जातात.

म्हणून तिकीट काढतानाच मुलांशी स्पष्ट बोला. पॉलिसीतल्या अटी एकत्र बसून वाचा, विमा कंपनीचा नंबर आणि घरचा पत्ता लिहून जवळ ठेवा. आणि मुलांनो, ‘काही झालं तर आधी सांगा, पैशांचं आपण बघू,’ हे आई-बाबांना तुम्हीच सांगा. तुम्हाला तोशीस नको म्हणून ते दुखणं अंगावर काढतात.