फळांची रेखाचित्रे व बालकांचे रंगकाम

रंग भरण्यासाठी फळांची छापील रेखाचित्रे आता बालवर्गांतून सर्रास वापरली जातात. या कामाने बोटांना लेखनपूर्व वळण लागते, हे खरे. परंतु निरीक्षणाची सवय हा त्याहून मोठा लाभ होय. म्हणून कागद देण्यापूर्वी प्रत्यक्ष फळ मुलांच्या हाती द्यावे. त्यांनी ते पाहावे, हुंगावे, चाखावे. १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिताना ताराबाई मोडक यांनीही परिसरातील वस्तूंनाच साधन मानले होते.

आंबा हिरवा रंगविला म्हणून चूक ठरवू नये. चैत्रातील कैरी हिरवीच असते. जांभूळही प्रथम हिरवे, मग गुलाबी व अखेर काळेजांभळे होते. “हा रंग तू कोठे पाहिलास?” असे आधी विचारावे. उत्तर ऐकण्यापूर्वीच मारलेली फुली मुलाला स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवावयास शिकविते.

छापील प्रती अपुऱ्या असल्यास फरशीवर खडूने मोठी आकृती काढावी आणि मुलांनी ती पाने, फुले, बिया मांडून भरावी. रंग रेषेबाहेर गेला तरी चालेल. हात सरावाने स्थिर होतो. पाहण्याची गोडी मात्र एकदा मावळली की पुन्हा लावणे कठीण, हे शिक्षकबंधुभगिनींनी ध्यानी ठेवावे.