शब्दकोशाविना शरीरशास्त्र

असे समजा की तुमच्या हाती परक्या भाषेतले एक पुस्तक आहे. आकृत्या सुरेख आहेत, पण मजकूर कळत नाही. शब्दकोश नाही, शिकवायलाही कोणी नाही. तुम्ही काय कराल?

१७७१ साली एदो शहरातल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, काही वैद्यांपुढे हाच पेच होता. त्या काळी जपानात युरोपियनांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना थारा होता, तोही नागासाकीच्या बंदरातील देजिमा नावाच्या चिमुकल्या कृत्रिम बेटावर. पाश्चात्त्य विद्येच्या पुस्तकांवरचे निर्बंध १७२० मध्ये सैल झाले, आणि डच ग्रंथ हळूहळू एदोपर्यंत पोचू लागले.

त्या वर्षी कोझुकाप्पारा येथे देहदंड झालेल्या एका स्त्रीच्या शवाचे विच्छेदन होते. ते पाहायला सुगिता गेंपाकू आणि माएनो रियोताकू हे वैद्य गेले. योगायोग असा, की दोघांच्याही हाती एकच पुस्तक होते : कुल्मुस या जर्मन वैद्याच्या शरीररचनेवरील ग्रंथाचे डच भाषांतर. जुन्या चिनी ग्रंथांत फुप्फुसाला सहा पाळ्या आणि दोन कान सांगितले होते. प्रत्यक्षात तसे काही दिसेना. पूर्वी असा विरोध आढळला, तेव्हा चिनी माणसाचे शरीरच वेगळे असेल का, अशी शंका सरकारी वैद्यांनी काढली होती! पण डच आकृत्या मात्र समोरच्या अवयवांशी तंतोतंत जुळत होत्या. मैदानात पडलेली हाडेही त्यांनी ताडून पाहिली. तीही जुळली.

दुसऱ्याच दिवशी मित्रमंडळी माएनोच्या घरी जमली. त्याला तेवढे काही शे डच शब्द येत होते. एकेका ओळीवर अख्खा दिवस जाई. सुगिताने म्हातारपणी एक आठवण लिहिली आहे. नाकाच्या वर्णनात ‘फेरहेफेन’ असा शब्द आला. छाटलेल्या फांदीची जखम भरली की तिथे ‘फेरहेफेन’ होते, अंगण झाडून केर गोळा केला की ‘फेरहेफेन’ होते, एवढाच खुलासा हाती होता. बराच विचार करून त्यांनी ताडले : उंचवटा! (हा शब्द मूळ ग्रंथात त्या जागी नाही, असे पुढे अभ्यासकांना आढळले. म्हातारपणची आठवण ती!)

खरी अडचण होती ती निराळीच. चिनी वैद्यकात मज्जातंतू ही कल्पनाच नव्हती, मग शब्द कुठून आणायचा? त्यांनी ‘चैतन्य’ आणि ‘वाहिनी’ अशा अर्थांची चिन्हे जोडून ‘शिंकेई’ हा शब्द घडवला. जपानी माणूस मज्जातंतूला आजही शिंकेईच म्हणतो.

चौथ्या वर्षी, अकरा वेळा मसुदा पुन्हा लिहून, १७७४ मध्ये ‘काइताई शिंशो’ प्रसिद्ध झाले. भाषा विद्वानांची, म्हणजे अभिजात चिनी. सर्वांत जास्त डच जाणणाऱ्या माएनोचे नाव मात्र त्यात भाषांतरकार म्हणून नाही. चुकाही पुष्कळ राहिल्या होत्या. त्या सुधारण्याचे काम सुगिताने आपल्या शिष्यावर सोपवले आणि ती आवृत्ती १८२६ मध्ये निघाली. त्या शिष्याचे नाव ओत्सुकी गेंताकू. गेंपाकूमधला ‘गेन’ आणि रियोताकूमधला ‘ताकू’!