वेल्डिंग मारलेली सीट

"एक पट्टी टाकून वेल्डिंग मारून घ्या भाऊ, सीट कंपनीपेक्षा दणकट होते." फैजपूर, सावदा, यावल, कुठल्याही गॅरेजच्या बाकड्यावर बसा, ड्रायव्हरच्या सीटची फ्रेम तुटल्याचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. सांगणारा ते इतक्या छातीठोकपणे सांगतो की ऐकणारा दोनशे रुपये काढून मोकळा होतो. ऐकून ऐकून कान किटले, म्हणून हे दणकटपण एकदा तपासून पाहू.

आधी वेल्डरबद्दल. केळीची ट्रॉली, शेडचे ट्रस, वाड्याचं गेट यांत त्याच्या हाताला नाव ठेवायला जागा नाही. पण ते काम जाड अँगलचं. सीटची फ्रेम असते पातळ, जास्त ताकदीच्या पोलादी पत्र्याची. तिची ताकद जाडीत नसते; पोलादाच्या घडणीत आणि पत्र्याला दिलेल्या आकारात असते. आर्कच्या उष्णतेने जोडाशेजारचं पोलाद मऊ पडतं किंवा ठिसूळ होतं. त्यामुळे पुढची चीर जोडावर पडत नाही, जोडाला लागून पडते, आणि मालक म्हणतो, "बघा, वेल्डिंग तसंच आहे, कंपनीचंच तुटलं!" शिवाय एका बाजूला पट्टी टाकली की ती बाजू ताठ होते आणि सगळा पीळ दुसऱ्या बाजूवर जातो. पाठ मागे-पुढे करणाऱ्या रिक्लायनरचे दाते तर खास कडक केलेले असतात. ते झिजले म्हणून पाठच कायमची डकवून टाकणारे महाभागही आहेत.

आता भार किती येतो ते पाहा. युरोपात लागू असलेल्या आर-१७ नियमाप्रमाणे सीट, तिचे बोल्ट आणि तिला जागेवर धरणारी खिट्टी यांनी गुरुत्वाकर्षणाच्या २० पट झटका सोसायला हवा. ७० किलोच्या माणसावर तोच झटका आला, तर त्याचा भार होतो १४०० किलो. आपल्याकडे कारच्या सीटसाठी आयएस १५५४६ हे मानक आहे आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाड्यांच्या चाचण्या होतात. गल्लीतल्या जोडाची चाचणी कुठे होते? जोड मारणाऱ्याने दोनदा हिसका देऊन पाहिलं, एवढीच.

"पण मी बेल्ट लावतो ना!" समोरून धडक बसली तर बेल्ट तुम्हाला धरतो, हे खरं. मात्र बऱ्याच गाड्यांत बेल्टचं बक्कल सीटच्याच फ्रेमला बोल्टने बसवलेलं असतं. फ्रेम सुटली तर बेल्ट कशाला धरणार? आणि मागून धडक बसली, तर बेल्टपेक्षा सीटची पाठच तुम्हाला धरते. ती कोसळली की माणूस बेल्टखालून मागे सरकतो, हात स्टिअरिंगवरून सुटतात, पाय ब्रेकवरून. मागे बहुधा पोरं बसलेली असतात. अमेरिकेत टेक्सासमध्ये २०१६ साली ज्यूरीने १२ कोटी ४५ लाख डॉलरची भरपाई ठरवून निम्म्याहून अधिक दोष ऑडी कंपनीवर ठेवला तो अशाच प्रकरणात. मागून धडक बसली, ड्रायव्हरची सीट मागे कोसळली आणि मागच्या सीटवरच्या त्याच्या मुलाच्या मेंदूला गंभीर इजा झाली. ती सीट वेल्डिंगची नव्हती, कंपनीचीच होती. अमेरिकेचा सीटच्या ताकदीचा नियम १९६० च्या दशकातला आहे. तो इतका ढिला, की समारंभात मांडतात तसली खुर्चीही त्यात पास होते, असं तिथल्या एका वृत्तवाहिनीने दाखवलं होतं. नियम बदलायचा विचार तिथल्या सरकारने जुलै २०२४ मध्ये औपचारिकपणे सुरू केला. म्हणजे जिथे धडधाकट सीटचीही पुरती खात्री नाही, तिथे डकवलेल्या सीटची काय कथा.

मागून धडक म्हणजे क्वचित घडणारी गोष्ट, असंही कुणी समजू नये. केंद्राच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या अपघातांपैकी साधारण एक पंचमांश या प्रकारचे आहेत. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर रात्री टेललाइट नसलेल्या उसाच्या ट्रॉलीमागे करकचून ब्रेक मारलेल्यांना अहवालाची गरज नाही. तुमच्या मागे केळीने भरलेला ट्रक असतोच.

वेल्डिंगवाल्यांना आणखी एक सांगायचं. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते बहुधा एअरबॅगचे किंवा बेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेचे असतात. काही गाड्यांत साइड एअरबॅग सीटच्या कडेतच असते. तिथे बॅटरी न काढता आर्क पेटवणं म्हणजे निव्वळ वेडेपणा. गादीचा फोमही भराभर पेटतो.

बाकीच्या समजुती थोडक्यात. "पाच स्टारची गाडी आहे": २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅपचे स्टार समोरच्या आणि बाजूच्या धडकेवर ठरले, मागच्या धडकेवर नाही. "हेडरेस्ट आरामासाठी असतं": ते मान वाचवण्यासाठी असतं, काढून डिकीत टाकू नका. "पासिंग झालंय": पासिंगला सीटच्या फ्रेमवर भार टाकून कोणी पाहत नाही. "नव्या गाडीत असं होत नाही": एप्रिल २०१४ मध्ये टोयोटाने जगभरातून सुमारे ६४ लाख गाड्या परत बोलावल्या, त्यातल्या एका दोषात सीटला रुळावर अडकवणारी स्प्रिंग तुटत होती; जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने ११,१७७ ग्रँड विटारा बोलावल्या, मागच्या सीटबेल्टचे ब्रॅकेट सैल होण्याच्या शंकेने.

तपासणी फुकट आहे. गाडी बंद करून सीटवर बसा, पाय रोवून पाठीने जोर द्या. एक बाजू जास्त मागे गेली किंवा 'कट्ट' वाजलं तर शंका घ्या. लिव्हर न ओढता सीट पुढे-मागे ढकला, ती तसूभरही सरकता कामा नये. मग मोबाइलचा टॉर्च लावून रिक्लायनरच्या बोल्टाभोवती पाहा. रंगात केसासारखी तांबूस रेघ दिसली, तर तो बहुतेक वेळा चिरेतून आलेला गंज असतो. जुनी गाडी घेताना सीट कव्हर काढून पाहा, विकणाऱ्याला राग आला तरी. फ्रेम तुटलेली निघाली तर पूर्ण फ्रेम बदला. तोवर ड्रायव्हरमागे कोणाला बसवू नका.

वेल्डिंगने आणखी एक नुकसान होतं, त्याबद्दल कोणी बोलत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११० अ आलं. एकाच मॉडेलमधल्या सुरक्षेच्या दोषाबद्दल ठरलेल्या प्रमाणात मालकांच्या तक्रारी आल्या तर सरकार त्या गाड्या परत बोलावायला कंपनीला भाग पाडू शकतं. दुरुस्तीचा खर्च कंपनीचा. एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमात सात वर्षांपर्यंतच्या गाड्या येतात. पण सगळा हिशोब नोंदलेल्या तक्रारींचा. गल्लीत डकवलेली सीट त्यात मोजली जात नाही. तेव्हा फ्रेम तुटली तर आधी तिचे फोटो काढा, चेसिस नंबरसह कंपनीला लेखी कळवा, केंद्राच्या वाहन पोर्टलवर तक्रार टाका, आणि मगच गॅरेजची वाट धरा.