रायटर्स बिल्डिंगशी मराठीचंही नातं आहे

दुर्गहून हावड्याला जाणारे भिलाईकर कोलकात्यात लाल दिघीसमोरची लाल इमारत हटकून पाहतात. या रायटर्स बिल्डिंगबद्दलचे काही समज मात्र चुकीचे आहेत. तिथे साहित्यिक राहत नसत. 'रायटर' म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा कनिष्ठ कारकून.

कंपनीनं ही इमारत राज्यकारभारासाठी उभारली, असंही सांगितलं जातं. प्रत्यक्षात ती कारकुनांच्या बिऱ्हाडासाठी होती. १६०० मध्ये व्यापारासाठी निघालेल्या या कंपनीला १७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळाली. मग मालाच्या हिशेबाबरोबर मुलखाच्या महसुलाचा हिशेबही आला आणि विलायतेहून कोवळी पोरं भराभर येऊ लागली. त्यांच्यासाठी थॉमस लायन यानं १७७७ ते १७८० या काळात ही घरं बांधली. ती कंपनीच्या कौन्सिलचा सभासद रिचर्ड बारवेल याच्या मालकीची होती आणि कंपनी त्यांचं भाडं भरत असे. कारभार करणाराच घरमालक! कंपनीचा पैसा आणि तिच्या अधिकाऱ्यांची खासगी कमाई किती बेमालूम मिसळलेली होती, ते यातून कळतं.

आज दिसणारा दर्शनी भागही कंपनीचा नव्हे. खांब, पुतळे आणि लाल विटांचा तो थाट १८७७ नंतरच्या बदलांतून आला. कंपनीचं राज्य १८५८ मध्ये संपलं होतं आणि १८७४ मध्ये ती कायद्यानं विसर्जितही झाली होती. बंगाल सरकारचं सचिवालय म्हणून इमारतीचा दरारा वाढला, तो त्यानंतरच. विनय, बादल आणि दिनेश हे क्रांतिकारक ८ डिसेंबर १९३० रोजी तिथेच घुसले आणि त्यांनी तुरुंग महानिरीक्षक सिम्पसनला गोळ्या घातल्या. परिसराचं नाव आज त्या तिघांवरून आहे.

आपल्याला सर्वांत जवळचा गैरसमज शेवटी घेतो. मराठ्यांचा या शहराशी संबंध तो फक्त बर्गींच्या, म्हणजे मराठा घोडेस्वारांच्या, स्वाऱ्यांपुरता, असं म्हणतात. नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजांच्या भीतीनं १७४२ मध्ये कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, हे खरंच. पण गोष्ट तिथे थांबत नाही. १८०० मध्ये सुरू झालेल्या फोर्ट विल्यम कॉलेजचे वर्ग पुढे याच इमारतीत भरू लागले आणि त्या कॉलेजात मराठीही शिकवली जाई. डिसेंबर १८०३ मध्ये देवगावच्या तहानं दुसऱ्या रघुजींकडून कटक घेणाऱ्या कंपनीला मराठी जाणणारे अधिकारी हवे होते. शिकवणारे विल्यम केरी, त्यांच्या मदतीला पंडित वैजनाथ. केरींचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर काही वर्षांत रघुजी भोसल्यांची वंशावळही पुस्तकरूपानं आली. ही पुस्तकं छापली गेली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात, रायटर्समध्ये नव्हे. एवढा फरक ध्यानात ठेवावा. छत्तीसगड तेव्हा याच भोसल्यांच्या राज्यात होतं. १८५४ मध्ये कंपनीनं ते राज्य खालसा केलं.

हेतू राज्य चालवण्याचा होता, भाषाप्रेमाचा नव्हे. तरीही मराठी मुद्रणाच्या आरंभात वैजनाथांचे कष्ट आहेत आणि केरींच्या शेजारी त्यांचं नाव घेतलंच पाहिजे.

ऑक्टोबर २०१३ मध्ये मुख्य सचिवालय दुरुस्तीसाठी हावड्यातल्या 'नबान्न'मध्ये हलवलं गेलं. म्हणून मुख्यमंत्र्यांचं कार्यालय शोधायला रायटर्सला जाऊ नका. वैजनाथ पंडितांसाठी मात्र जरूर जा.