इसब, उंची आणि बंद झालेलं दूध

गुडघ्यामागची खोबण, कोपराची आतली बाजू, मान. लहान मुलांचं इसब हमखास इथे ठाण मांडतं. मग घरात पथ्य वाढत जातं: आधी अंडं बंद, मग दूध-दही, मग शेंगदाणे. वर्षभराने कुणी पाहुणा म्हणतो, ‘पोर अंग धरत नाही, उंचीही खुंटली.’ खापर इसबावर फुटतं.

सौम्य इसबाने उंची खुंटत नाही. 2015 साली अमेरिकेतल्या नऊ मोठ्या पाहण्यांची आकडेवारी तपासली गेली, तेव्हा कमी उंचीचा संबंध दिसला तो तीव्र इसबाशी, आणि त्यातही झोप फार मोडणाऱ्या मुलांशी.

झोपेकडे आपण पुरेसं लक्ष देत नाही, असं मला कळकळीने वाटतं. वाढीचं संप्रेरक मुख्यतः रात्रीच्या गाढ झोपेत स्रवतं. मध्यरात्री मूल पोटऱ्या ओरबाडतं, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात, तेव्हा ती गाढ झोप कितीदा तुटली असेल? शिवाय जागरणाने चिडलेलं मूल धड जेवतही नाही.

पथ्याचंही तसंच. काही मुलांना, विशेषतः तीव्र इसब असलेल्या तान्ह्यांना, दुधाची किंवा अंड्याची खरी ॲलर्जी असते. पण ती तपासून ठरवायची असते. अंदाजाने दूध तोडलं की प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही जातात. ॲलर्जी ठरलीच, तर बदली आहार डॉक्टरांनी लिहून द्यायला हवा.

उरला स्टेरॉइडचा प्रश्न. पोटात घ्यायची स्टेरॉइडं किंवा अंगभर महिनोन्‌महिने चोपडलेली जहाल मलमं वाढ रोखू शकतात. दुकानदाराने हातावर ठेवलेली, तीन-तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब म्हणूनच धोक्याची. पण डॉक्टरांनी वय आणि जागा पाहून दिलेलं सौम्य मलम धास्तीने अर्धवट सोडणंही चूकच. खाज वाढते आणि पुन्हा झोप जाते. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर भरपूर लावा.

इसब आटोक्यात आलं की बरीच मुलं उंचीची तूट भरून काढतात. दोन वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल साधारण वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. दर सहा महिन्यांनी उंची-वजन मोजून वाढीच्या तक्त्यावर टिपा, आणि रेघ खाली घसरू लागली तर घरचं पथ्य आणखी कडक न करता बालरोगतज्ज्ञांकडे जा.