उणे तीस अंशात सेल्फ मारताना

कॅनडातल्या विनिपेग, सास्काटून, एडमंटन या गावांत शिकायला किंवा नोकरीला गेलेली मराठी मुलं पहिली गाडी घेतात ती बहुधा जुनीच. पंधरा वर्षांची करोला किंवा सिव्हिक, दोन लाख किलोमीटर पळालेली. तिच्या पुढच्या जाळीतून एक वायर आणि तीन पिनांचा प्लग बाहेर लोंबत असतो. तो कशासाठी, हे विचारण्याआधीच सल्ले सुरू होतात. पुण्याहून काकांचा फोन येतो, रूममेटला सगळंच माहीत असतं, गॅरेजवाल्याचं तिसरंच काहीतरी. त्यातले काही सल्ले कार्बोरेटरच्या काळातले असतात, तर काही कधीच खरे नव्हते. गाडीची किंमतच मुळात थोडी, त्यामुळे चुकीच्या जागी घातलेले दोनशे डॉलरही टोचतात.

सर्वांत पहिला गैरसमज बॅटरीचा. जानेवारीतल्या एका सकाळी सेल्फ मारला की नुसतं ‘टक’ वाजतं आणि निदान होतं, ‘थंडीनं बॅटरी मेली.’ खरं तर बॅटरीचं आयुष्य खातं ते ऊन. उष्णतेनं आतल्या शिशाच्या जाळ्या गंजतात, पाणी उडतं. नागपूरच्या मे महिन्यात जे होतं तेच थोड्या सौम्यपणे विनिपेगच्या जुलैतही होतं. थंडी फक्त ते उघडं पाडते. उणे 18 अंशांना बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास येते आणि नेमकं तेव्हाच, ऑइल घट्ट झाल्यामुळे, इंजिन फिरवायला दुपटीहून जास्त जोर लागतो. बॅटरीवर सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँप्स) असा आकडा छापलेला असतो. उणे 18 अंशांना, 7.2 व्होल्टच्या खाली न उतरता, ती 30 सेकंद किती अँपिअर देऊ शकते ते तो सांगतो. नवी घेताना किमतीआधी हा आकडा बघावा, आणि जुनी असेल तर ऑक्टोबरातच तपासून घ्यावी.

‘जंप दिला की झालं’ हेही अर्धंच खरं. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उणे 50 अंशांनाही गोठत नाही, पण पार उतरलेली बॅटरी शून्याच्या थोडं खालीच गोठू शकते. तिचं खोकं फुगलेलं दिसलं किंवा आत बर्फ दिसला तर केबल लावायच्याच नाहीत, कारण ती फुटू शकते. आणि जंप देऊन चालू झालेली गाडी घरापासून कॉलेजपर्यंतच्या आठ मिनिटांत चार्ज होत नाही. हीटरचा पंखा, मागच्या काचेची तार आणि हेडलाइट यातच सगळी वीज जाते.

आता काकांचा सल्ला: ‘सकाळी पंधरा मिनिटं गाडी नुसती चालू ठेव, इंजिन गरम होऊ दे.’ काकांनी चोक ओढून पद्मिनी चालवलेली असते आणि त्या गाडीपुरतं ते बरोबरच होतं. गार कार्बोरेटर इंजिनाला धड इंधन देऊ शकत नसे, गाडी पहिल्याच चौकात बंद पडे. पण उत्तर अमेरिकेत 1990 नंतरच्या जवळपास सगळ्या गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. थंडीत किती पेट्रोल सोडायचं ते त्यातला कॉम्प्युटर सेन्सर बघून ठरवतो. जागेवर उभं इंजिन फार सावकाश तापतं. तोवर जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन खाली नेतं आणि इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं ऑइल पातळ करतं, म्हणजे ज्या झिजेला आपण भितो तीच वाढते. शिवाय गिअरबॉक्स, शॉकॲब्सॉर्बर, चाकांची बेअरिंगं उभ्या गाडीत तापतच नाहीत. कॅनडा सरकारचं नैसर्गिक संसाधन खातंही दोन-तीन मिनिटं पुरे म्हणतं. तेवढ्या वेळात काचा पूर्ण खरवडून घ्याव्यात आणि मग पहिले काही किलोमीटर रेस न देता हळू जावं. गाडी सायलेन्सरपर्यंत बर्फात रुतली असेल तर मात्र ती चालू करून आत बसून राहू नये, आणि बंद गॅरेजात तर चालूच ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पंधरा मिनिटांच्या घरघरीचं खरं उत्तर त्या लोंबत्या वायरीत आहे. ती ब्लॉक हीटरची. नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिनाच्या बोल्टच्या जागी बसणारा हीटर बनवला आणि 1949 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. आज इंजिनाच्या पाण्यात बसणारा चारशे वॉटच्या आसपासचा हीटर सर्रास असतो. प्रेअरीतल्या, म्हणजे याच गावांच्या सपाट गवताळ प्रदेशातल्या, पुष्कळ पार्किंगमध्ये प्रत्येक जागेसमोर विजेचं सॉकेट दिसतं ते याच्यासाठी. उणे पंधराच्या खाली तो लावावा, पण रात्रभर नाही. तीन-चार तासांत जेवढं तापायचं तेवढं इंजिन तापतं, पुढची वीज फुकट जाते. दहा तासांना चार युनिट, तीन तासांना सव्वा युनिटही नाही. साधा टायमर लावला की काम भागतं. जुन्या गाडीत हा हीटर जिवंत आहे का, ते आधी बघावं. प्लग लावून बोनेटजवळ कान न्यावा. मिनिटाभरात चहाचं आधण धरताना येतो तसा बारीक ‘सूं’ आवाज आला तर ठीक. नाही आला तर वायर उंदरानं कुरतडलीय का, पिना काळ्या पडल्यात का ते तपासावं.

‘जुन्या इंजिनाला जाड ऑइल’ हा आपल्याकडचा आवडता सिद्धांत. 20डब्ल्यू-50 घालून वर्षानुवर्षं चाललेल्या गाड्या आपण पाहिलेल्या असतात, आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यात त्याचं काही बिघडत नाही. पण 20डब्ल्यू ऑइल पंपातून वाहतं का, याची चाचणी उणे 20 अंशांना होते, 5डब्ल्यूची उणे 35 आणि 0डब्ल्यूची उणे 40 अंशांना. 5डब्ल्यू-30 आणि 0डब्ल्यू-30 ही दोन्ही तापलेल्या इंजिनात एकाच जाडीच्या वर्गातली. फरक पडतो तो सकाळच्या पहिल्या मिनिटात. ऑइल गळत असेल तर सील बदलावं. जाड ऑइल घालून गळती लपवली तर त्याची किंमत बेअरिंगं मोजतात.

कूलंटबद्दल उलटा गैरसमज आहे: जितकं शुद्ध तितकं चांगलं. नुसतं एथिलीन ग्लायकॉल उणे 13 अंशांच्या आसपासच गोठतं. निम्मं पाणी घातलं की उणे 37 पर्यंत टिकतं, साठ टक्के ग्लायकॉल ठेवलं तर उणे 50 च्याही खाली. सत्तर टक्क्यांच्या पुढे गेलात की संरक्षण पुन्हा घटायला लागतं. घरून आलेल्या सवयीनं रेडिएटरमध्ये नळाचं पाणी भरत राहिलात, तर पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं आणि ब्लॉकला चीर जाते. ‘मग ब्लॉकमधल्या गोल टोप्या उडतात, इंजिन वाचतं’ असं सांगणारे भेटतात. त्या टोप्या मुळात ओतकामातली वाळू बाहेर काढायला ठेवलेल्या भोकांवर बसवलेल्या असतात. कधी त्या उडून इंजिन वाचतंही, पण त्यावर विसंबू नये. बऱ्याच गाड्यांत ब्लॉक हीटर यातल्याच एका भोकात बसवतात. आणि सांडलेलं कूलंट लगेच पुसावं, ते गोड लागतं आणि कुत्र्यामांजरांना त्यानं विषबाधा होते.

टायरबद्दल थोडक्यात. फोर-व्हील ड्राइव्हनं गाडी सुटते चांगली, थांबत मात्र नाही. थांबवतं ते रबर, आणि ऑल-सीझनचं रबर सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले टायर क्विबेकमध्ये 1 डिसेंबर ते 15 मार्च कायद्यानंच लागतात. प्रेअरीत सक्ती नाही, म्हणून लोक टाळतात. पकड वाढावी म्हणून हवा काढू नये. पारा साडेपाच अंश उतरला की एक पीएसआय हवा आपोआप कमी होतेच.

गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतू नये, ती तडकते.

आणि आता ज्यानं जुन्या गाड्या खरोखर भंगारात जातात ते: गंज. ‘हिवाळ्यात गाडी धुऊ नये, पाणी गोठतं’ आणि ‘गरम गॅरेजमध्ये ठेवली की गाडी टिकते’ या दोन समजुती मिळून पत्रा खातात. गंजायला ओलावा लागतो, आणि थंडीत ही क्रिया मंदावते. रस्त्यावर टाकलेल्या मिठानं माखलेली गाडी उणे पंचवीसमध्ये बाहेर उभी असेल तर गंज जवळपास झोपलेला असतो. तीच गाडी रात्रभर उबदार गॅरेजात नेली की खारट चिखल वितळतो आणि पत्र्याच्या दुमडीत शिरतो. साधं मीठ उणे दहा-बाराच्या खाली फारसं काम करत नाही, म्हणून प्रेअरीत रस्त्यांवर वाळूचा वापर जास्त असतो. टोरांटो-माँट्रियलकडे मात्र मीठच पडतं, त्यामुळे तिकडची जुनी गाडी घेताना दुप्पट सावध राहावं. पारा शून्याजवळ आला, कॅल्गरीत शिनूक हा उबदार वारा सुटला, की त्याच दिवशी खालून पाण्याचा फवारा मारणाऱ्या वॉशमध्ये गाडी न्यावी आणि दारांची रबरं पुसून घ्यावीत.

गंजलेल्या पत्र्यावर काळं रबरी कोटिंग मारून घेणं म्हणजे ओलावा आत कोंडून ठेवणं. त्यापेक्षा दर शरदात तेलकट फवारा बरा. तो ठिबकतो, घाण दिसतो, पण फटीत शिरतो. गाडी घेण्याआधी लिफ्टवर चढवून मेकॅनिकला दाराखालच्या पट्टीत स्क्रूड्रायव्हर टोचायला सांगावं. टणक आवाज आला तर पुढचं बोलणं. टोक आत गेलं तर किंमत कितीही उतरली तरी परत फिरावं. नंतर मागच्या चाकांकडे जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्यांवर टॉर्च मारून बघावा. पोलादी नळी पापुद्रे सोडत असेल तर ती हिवाळ्याआधीच बदलावी. शेवटी आतले मॅट उचलावेत. बुटांबरोबर आलेलं खारट पाणी तिथं महिनोन्महिने मुरतं, आणि गाडीचा तळ आतूनच सडत जातो.